भरली गाडी

रेल्वेच्या पुलाचा चढ लागला आणि मैनाच्या मोटारसायकलच्या दिव्याचा उजेड पिवळा पडत गेला. आधी हळदीसारखा, मग वात खाली ओढलेल्या कंदिलासारखा. पौषातलं धुकं नदीकाठच्या उसातून सरकत येऊन रस्त्यावर बसलं होतं. तिनं दुसरा गिअर टाकला, रेस वाढवली. इंजिन दोनदा ठसकलं. मागच्या ट्रकनं लांबलचक हॉर्न दिला, तसा तिनंही आपला दाबून बघितला. घसा बसलेल्या माणसानं खाकरावं तसा आवाज निघाला. मग चढाच्या मधोमध गाडी गप झाली.

दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या गच्च भरलेल्या. मैनाचे पाय जमिनीला जेमतेम टेकत. उतरताना गाडी एका अंगाला कलली, तशी तिनं मांडीचा टेकू दिला आणि तापलेल्या सायलेन्सरचा चटका साडीतून आत पोचला. तिनं ओठ दाबले. किक मारली. किकचा दांडा उलटा येऊन नडगीवर बसला. परत मारली. काहीच नाही.

"गडीमाणूस न्हाई का घरात, मावशी?" शेजारून जाणारा एक स्कूटरवाला वेग न कमी करता बोलून गेला.

मैनानं पदर खोचला, हँडल धरलं आणि ढकलायला लागली. पायातली चप्पल ओल्या डांबरावर घसरत होती. थांबलं की गाडी मागं येई, म्हणून ती थांबलीच नाही. पुलाच्या माथ्यावर पोचली तेव्हा तिच्या पाठीला घाम होता आणि बोटं गारठून हँडलला चिकटली होती. उतारावर ती वर बसली, गाडी सुटू दिली आणि गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन कुरकुरत लागलं. दिवा लागला नाही. पुढं एक बस चालली होती. तिच्या मागच्या लाल दिव्यावर नजर ठेवून मैना हडपसरपर्यंत गेली.

सोसायटीच्या सी विंगमध्ये उत्कर्षाताई दार उघडूनच उभ्या होत्या. हातात चहाचा कप होता.

"अहो, या. उद्यापासून दूध येणार नसेल तेव्हा कळवू नका, येणार असेल तेव्हा कळवत जा. आम्हाला तेच सोपं पडेल."

"ताई, गाडी बंद पडली पुलावर."

"परवाही पडली होती. त्याच्या आधीही." त्यांनी पातेलं पुढं केलं. "वरच्या मजल्यावरच्या दोघांनी दुधाची पिशवी लावली. मी अजून लावलेली नाही. दूध चांगलं असतं तुमचं. पण चांगलं दूध नऊला येऊन मी काय करू?"

मैनानं माप बुडवलं, पातेल्यात ओतलं, वर थोडं जास्त घातलं. उत्कर्षाताईंनी ते बघितलं आणि दार लावलं.

हडपसर गाडीतळाच्या मागच्या गल्लीत विश्वजीतचं गॅरेज होतं. दत्तोबाची गाडी तो पहिल्यापासून बघायचा. दत्तोबा म्हणजे मैनाचा नवरा. श्रावणात कुट्टी मशीनमध्ये कडब्याबरोबर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. रेस पिळायला आणि पुढचा ब्रेक धरायला त्या हातात काही उरलं नाही. नदीकाठच्या पडीक रानात त्यानं मैनाला गाडी शिकवली आणि तेव्हापासून दूध घालायला ती जात होती.

विश्वजीतनं सीट काढलं, बॅटरीच्या दोन टोकांना मीटरच्या सुया लावल्या आणि गाडी चालू करून रेस दिली. "हे बघा वहिनी. चौदाच्या वर जातंय. चार्जिंग एकदम बरोबर. बॅटरी मी स्वतः मागच्या आठवड्यात नवी टाकलीय. रेग्युलेटर तपासला, मॅग्नेट कॉइल तपासली. गाडी ठणठणीत आहे."

"मग पुलावर का मरती?"

"रात्री चावी चालू राहत असेल. पोरंटोरं हॉर्न वाजवत असतील."

"घरात पोरंच न्हाईत."

विश्वजीतनं फडक्याला हात पुसले. "दत्तूभाऊंना पाठवा एकदा. त्यांना नीट सांगता येईल."

मैना हलली नाही. किटल्या रिकाम्या होत्या. बारक्या आवाजात एकमेकींवर आपटत होत्या. "मी रोज चालवती, मग नीट मला सांगता येईल का त्यास्नी? ऐका. जाताना दिवा बारीक होतो. येताना मोठा होतो. रोज असंच. आत्ता घरी जाताना बघा, बटण मारलं की गाडी सुरू होईल."

"जाताना अंधार असतो, दिवा सारखा लागतो. येताना ऊन असतं. त्याचा फरक."

"संध्याकाळी उलटं असतं. जाताना उजेड, येताना अंधार. तरी येतानाच दिवा चांगला."

"बॅटरीला काय कळतंय वहिनी, गाडी भरलीय का रिकामी?" विश्वजीत हसला. त्याच्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. पण शेजारी चहा पिणारे दोघं रिक्षावालेही हसले, आणि मैनाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तिनं बटण दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली.

मांजरी गावातलं त्यांचं घर आता तिन्ही अंगांनी इमारतींनी वेढलं होतं. मागं गोठा, गोठ्याला लागून हौद, हौदापलीकडं मक्याचं एवढंसं रान, आणि त्यानंतर थेट बाराव्या मजल्यापर्यंत गेलेली भिंत. मैना आली तेव्हा अंगणात दीर रणजित मोबाइलवर बोलत उभा होता. तो प्लॉटच्या व्यवहारात होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा आणि शेणाला पाय लागू नये म्हणून अंगणात चवड्यांवर चालायचा.

"आज परत पडली ना गाडी?" त्यानं फोन खिशात टाकला. "पुलावर बघितलं म्हणं आपल्यातल्या एकानं. वहिनी, घराण्याची बाई भर रस्त्यात गाडी ढकलती, हे बरं दिसतं का?"

"ढकलली म्हणून पोचली," मैना म्हणाली आणि किटल्या उतरवायला लागली.

"दादा, मी सांगतो ते ऐक." रणजित ओट्याकडं वळला. दत्तोबा ओट्यावर भिंतीला टेकून बसला होता. "रविवारी व्यापारी आणतोय. म्हशी बघून जाईल. गोठ्याच्या जागंवर खोल्या काढू. कंपनीतली पोरं भाड्यानं राहायला रांग लावत्यात. तुला बसून खायला मिळंल. वहिनीचीबी वणवण थांबंल."

दत्तोबा गुडघ्यावरचं उपरणं सारखं करत राहिला. "बघू," एवढंच म्हणाला.

"बघू न्हाई. रविवारी तो टेम्पो घेऊनच येतोय."

रणजित गेला. इंदुबाई, म्हणजे सासू, चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "त्या थोरल्या म्हशीला सातवा महिना हाय," ती पिठाला सांगितल्यासारखी बोलली. "ती बी देणार का टेम्पोत घालून?"

मैना किटल्या विसळायला हौदाकडं गेली.

जेवताना मैना म्हणाली, "तुमी बघू कशाला म्हणला?"

"मग काय म्हणू? लोकं बोलत्यात. तू रस्त्यावर मरत-मरत जाती आन् मी हितं भिंतीला टेकून बसतो. धुक्यात एखादा ट्रक येईल आन्..." त्याचा घास हातात तसाच राहिला. डाव्या हातानं जेवायची सवय अजून पुरती लागली नव्हती. कालवण मनगटापर्यंत ओघळलं होतं. "गाडीच धड न्हाई. बॅटरी हलकी घातलीय त्यानं. बाकी काय न्हाई."

"बॅटरी नवी हाय."

"नव्यातबी खराब असती."

"तीच बॅटरी येताना चांगली कशी होती? वाटंत औषध घेती का?"

दत्तोबा तिच्याकडं बघत राहिला. हसू आलं होतं का, ते तिला कळलं नाही. त्यानं ताट सारलं आणि हात धुवायला उठला.

दुसऱ्या दिवशी गाडी पुलावर बंद पडली नाही, कारण मैनानं दिवाच लावला नाही. पुढच्या एका टेम्पोच्या मागं मागं ती गेली, दात आवळून. दूध वेळेत पोचलं. उत्कर्षाताईंनी घड्याळाकडं बघून "अरे वा" म्हटलं, तेवढंच. पण परतताना मैना सरळ गॅरेजवर गेली.

"मला ते मीटर द्या. घरी नेते. दोन दिवसांत आणून देते."

विश्वजीत इंजिनखालून डोकं बाहेर काढून बघत राहिला. "तुम्हाला वाचता येईल का ते?"

"आकडे हायत ना? घड्याळ वाचती तसं वाचंन."

त्यानं कपाटातून जुनं मीटर काढलं. काच तडकलेली, एका सुईला टेप गुंडाळलेला. चकतीवर कुठं फिरवायचं ते त्यानं खडूनं खूण करून दाखवलं. "गाडी बंद असताना बारा-साडेबारा दाखवेल. चालू करून रेस दिली की चौदाच्या आसपास जायला पाहिजे. तेवढं गेलं म्हणजे बॅटरी भरतेय. बाराच्या खाली चाललं तर ती नुसती रिकामी होतेय. कॉइलपासून बॅटरीपर्यंत वाटेत कुठंतरी गळती." मग जरा थांबून म्हणाला, "काल मी हसायला नको होतं. पण भरली-रिकामी हे मला अजून पटत नाही."

"मला तरी कुठं कळलंय," मैना म्हणाली. "पण दिसतंय ते दिसतंय."

दुपारच्या उन्हात तिनं गाडी गोठ्याच्या सावलीत मेन स्टँडवर लावली. सीट काढलं. मीटरच्या सुया बॅटरीला धरून ठेवायला तिसरा हात नव्हता, म्हणून दोरीवरचे कपड्याचे चिमटे आणून त्या सुया टोकांवर चिमटून टाकल्या. ओट्यावरून दत्तोबा बघत होता. तिनं गाडी चालू केली, रेस दिली आणि मान वळवून आकडा बघायला लागली, तसा तो उठून आला.

"तू रेस दे. आकडा मी बघतो." तो बॅटरीपाशी उकिडवा बसला. "चौदा. चौदाच्या वर. झालं समाधान?"

"किटल्या भरू."

"काय?"

"पाण्यानं. भरली गाडी म्हणजे भरली पायजे."

हौदातलं पाणी बर्फासारखं होतं. मैनानं बादलीनं किटल्या भरल्या, आणि दोघांनी एकेक उचलून गाडीच्या अंगांना असलेल्या लोखंडी चौकटीत अडकवली. उचलताना दत्तोबाचा उजवा पंजा कडीवरून निसटला, किटली त्याच्या पायावर अर्धी सांडली. त्यानं शिवी गिळली. मैनानं बघितलं नाही असं केलं आणि ती परत भरून आणली.

गाडी चालू. रेस. दत्तोबा वाकला.

"चौदा."

मैनानं रेस सोडली, परत दिली.

"चौदाच हाय, मैना. केसभर हललं न्हाई."

पाण्यानं भरलेल्या किटल्या शांत लोंबत होत्या. गोठ्यातली धाकटी म्हैस मान वळवून बघत होती. मैनाला एकदम पुलावरचा तो स्कूटरवाला आठवला, गॅरेजमधले रिक्षावाले आठवले. आपण आठवडाभर मनाचं काहीतरी धरून बसलो का, असं तिच्या मनात आलं. नडगीवरची सूज ठणकत होती.

"परत बघा," ती म्हणाली.

"कितींदा बघू? सांगितलं ना एकदा, त्यात काय न्हाई!" दत्तोबा ताडकन उठला. "तुझा हट्ट, नुसता हट्ट! भरली म्हणं, रिकामी म्हणं. ही घे भरली!" आणि त्यानं रागानं दोन्ही हात आपल्या अंगाच्या किटलीवर टेकवून सगळं अंग तिच्यावर टाकलं. गाडी करकरली. इंजिनाचा आवाज जरासा बदलला.

मैनाचे डोळे मीटरवर होते. "थांबा! तसंच दाबून धरा."

"काय झालं?"

"अकरा. अकरा झालं! सोडा. आता सोडा." त्यानं हात काढले. "चौदा. परत दाबा."

त्यानं दाबलं. यावेळी रागानं नाही. हळूहळू, छातीचा भार देत. आकडा तेरावर आला, बारावर आला, मग एकदम खाली घसरला. सोडलं की वर. त्यानं चार-पाचदा दाबून बघितलं, लहान मूल पाळण्याला झोका देतं तसं.

"गाडी उभी हाय तवर नुसता भार," मैना म्हणाली. "रस्त्याला खड्डे. आपल्या वाटंला तर सगळे खड्डेच. दर खड्ड्याला किटल्या खाली दाबत्यात."

"आन् पुलाच्या चढावर तू मागं रेलती," दत्तोबा म्हणाला. "व्हय. व्हय, मैना."

त्यानंतर तो ओट्यावर गेला नाही.

कुठं दाबतंय ते शोधायचं होतं. बाजूचं झाकण काढलं. वायरींचा एक जुडगा इंजिनाकडून वर येत होता, चौकटीच्या मागं जाऊन दिसेनासा होत होता. मैना जमिनीवर पालथी झाली, गाल मातीला लावून वर बघायला लागली. शेणाचा, पेट्रोलचा, तापल्या लोखंडाचा वास नाकात बसला. काही दिसेना, सगळं काळं आणि सगळ्यावर चिखलाचं पुट.

"अंधार केला तर दिसंल," दत्तोबा म्हणाला. "लोखंडाला चिकटत असंल तर ठिणगी पडंल."

"भर दुपारी कसला अंधार?"

त्यानं हाक मारली, "आये, पोती आण पेंडीची."

इंदुबाईनं तीन रिकामी पोती आणली आणि मुलाच्या सांगण्याप्रमाणं गाडीवर आणि सुनेवर पांघरली. आत मैनाला श्वास घेता येईना. पेंडीचा भुसा डोळ्यांत गेला. बाहेरून दत्तोबा ओरडला, "रेस देतो. आये, तू किटलीवर भार दे." डाव्या हातानं तिरका होऊन, दांड्याच्या पलीकडून हात आणून त्यानं रेस पिळली. इंदुबाईनं किटलीवर ओणवं होऊन भार दिला.

"अजून!" पोत्यातून आवाज आला.

"अजून कुठून आणू ग? माझं वजन ते काय," इंदुबाई म्हणाली आणि पायच उचलून लोंबकळली.

चौकटीच्या खालच्या पट्टीपाशी, नटाच्या मागं, मैनाला एक बारीक निळसर ठिपका दिसला. विझला. परत दिसला. तिनं त्यावरची नजर हलू न देता हात पुढं केला आणि बोट त्याच्या शेजारी टेकवलं.

"सापडलं," ती म्हणाली. "बंद करा. बोट न्हाई काढत मी हितनं."

पोती उडवली गेली. दत्तोबा तिच्या शेजारी आडवा झाला. त्यानं डाव्या अंगठ्यानं चिखल खरवडला. कॉइलकडून येणारी पिवळी वायर चौकटीची खालची पट्टी आणि गाडीची चासी यांच्यामध्ये चेंगरली होती. नटाच्या कडेनं तिचं प्लॅस्टिक घासून गेलं होतं आणि आतली तांब्याची तार उघडी पडली होती. भार पडला की तार लोखंडाला टेकायची, आणि बॅटरीत जायची ती सगळी वीज चासीत जिरायची.

मैना हसायला लागली. तोंडाला माती, केसांत भुसा. "बघा! बॅटरीला कळत नव्हतं, पण वायरीला कळत हुतं."

दत्तोबा हसला नाही. तो त्या नटाकडं बघत तसाच पडून राहिला.

"काय झालं?"

"ही चौकट मी खाली घ्यायला लावली." तो नटावर अंगठा ठेवून म्हणाला. "तू दूध घालायला निघायच्या आधी, गाडी शिकत हुतीस तवा. किटल्या उंचावर हुत्या तर तुला तोल सांभाळंना. वेल्डिंगवाल्याला म्हणलं, वीतभर खाली घे, भार खाली राहू दे. तवा ह्या वायरी त्यात सापडल्या." तो थांबला. "एवढे दिवस तू अंधारात गेली ती माझ्यामुळं."

मैना उठून बसली. गुडघ्याची माती झटकली. गोड बोलायची दोघांनाही सवय नव्हती.

"वर असती तर पहिल्याच दिवशी आडवी झाले असते," ती शेवटी म्हणाली. "उठा. पक्कड कुठं ठेवलीय?"

दुरुस्तीला ऊन उतरेपर्यंत वेळ गेला. चौकटीचे बोल्ट गंजले होते. पाना मैनानं धरायचा आणि दत्तोबानं पायानं दांड्यावर जोर द्यायचा, असं करत ते सुटले. एक बोल्ट सुटताना पाना निसटून मैनाच्या बोटाची साल निघाली. तिनं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हातानं काम चालू ठेवलं. घासलेला तुकडा कापून टाकला. नवी वायर जोडताना एक टोक दत्तोबानं डाव्या हातात आणि दुसरं दातात धरलं, आणि मैनानं तारेला पीळ घातला. दोघांची डोकी इतकी जवळ आली होती की त्याच्या मिशीचे केस तिच्या कपाळाला लागत होते. इंदुबाई हे बघून वैरण टाकायला निघून गेली.

चौकट वर घ्यायची नाही, हे मैनानं ठरवलं. दत्तोबानं वायरींचा जुडगा चासीच्या आतल्या अंगानं फिरवला, वर सायकलची जुनी ट्यूब चिरून गुंडाळली आणि पट्टीच्या खाली टायरचा जाड तुकडा घातला, म्हणजे लोखंडाला लोखंड भिडायलाच नको. मग किटल्या लावल्या, मैनानं गाडी चालू करून एका हातानं रेस धरली, दोघांनी मिळून किटल्यांवर भार टाकला, आणि इंदुबाईला मीटरपाशी बसवलं.

"काय दिसतंय, आये?"

"एकावर चार."

"हलतंय का?"

"न्हाई बा. मेलं तसंच हाय."

सकाळी मैना पुलावर चढली तेव्हा धुक्यात तिच्यापुढं पांढरा उजेड लांबवर पडला होता. तिनं कुणाच्या मागं जायची वाट बघितली नाही. परतताना मीटर गॅरेजवर दिलं. विश्वजीतनं खाली वाकून सगळं बघितलं, पीळ घातलेल्या जोडाला स्वतः सोल्डर मारलं आणि म्हणाला, "मी किटल्या काढूनच गाडी तपासायचो. अडचण होते म्हणून." एवढंच म्हणाला, आणि तिच्यासाठी चहा सांगितला. मैनानं तो तिथंच, रिक्षावाल्यांच्या शेजारी बाकावर बसून प्यायला.

रविवारी ती दूध घालून आली तर दारात टेम्पो उभा. व्यापारी गोठ्यात थोरल्या म्हशीच्या कासेला हात लावून बघत होता. रणजित कडेला पांढऱ्या शर्टात.

"आली का गाडी चालत?" त्यानं विचारलं.

"बघता ना, चालत आली."

"आज आली. उद्याचं काय? दादा, चल, बोलून घे ह्यांच्याशी."

दत्तोबा हौदाशी पेंड भिजवत होता. तो सावकाश आला, म्हशीच्या आणि व्यापाऱ्याच्या मध्ये उभा राहिला. "पाहुणं, चहा घ्या आन् जावा. म्हशी द्यायच्या न्हाईत."

"म्हंजे?" रणजितचा आवाज चढला. "मी शब्द दिलाय."

"तू दिलाय. मी न्हाई."

"आन् परत गाडी बंद पडली म्हंजे?"

"परत उघडू."

"मग मला माझी वाटणी पायजे," रणजित म्हणाला. हे तो कधीतरी म्हणणार हे सगळ्यांना माहीत होतं. इंदुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. हौदापलीकडचं रान, विहिरीतला वाटा, सगळं मैनाच्या डोळ्यांपुढून गेलं.

दत्तोबानं भावाकडं बघितलं. "घे वाटणी. रस्त्याकडची जागा तू घे, तिथं खोल्या बांध. चांगली जागा हाय, मी आडवा येणार न्हाई. पण गोठा आन् हौद माझ्याकडं राहील. आईसमोर सांगतो."

रणजित इतक्या सहज हो ऐकायला तयार नव्हता. रस्त्याकडची जागा मिळते म्हटल्यावर भांडण कशाचं करावं ते त्याला कळेना. व्यापाऱ्यानं चहा घेतला नाही. टेम्पो मागं घेताना अंगणातली एक कुंडी फोडून गेला.

संध्याकाळी मैना धारा काढून किटल्या चढवत होती. आत दूध कमी होतं, दोन घरं सुटली होती तेवढं. दत्तोबा धुतलेला सदरा घालून बाहेर आला.

"कुठं निघाला?"

"तुझ्यासंगं. पुलापलीकडं ती नवी बिल्डिंग झालीय, लोकं राहायला आल्यात. विचारून येऊ."

"मागं बसणार?"

"मग काय, टाकीवर बसू?"

तो किटल्यांवरून पाय टाकून मागं बसला. गुडघे पसरून, एक हात मैनाच्या खांद्यावर ठेवून. चौकात मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. एकानं हाक दिली, "काय दत्तोबा, बायकोनं पळवून चालवलं का?"

"व्हय," दत्तोबा म्हणाला. "लई दिवस वाट बघत हुतो."

पार हसला. मैनानं गिअर टाकला.

नव्या इमारतीच्या गेटावर वॉचमननं नाव विचारलं आणि आत सोडलं. पहिल्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली. चष्मा घातलेल्या एका तरुण बाईनं दार अर्धं उघडलं. तिची नजर आधी किटलीवर गेली, मग दत्तोबाच्या उजव्या हातावर थांबली आणि घाईनं बाजूला झाली.

"कुट्टी मशीनमधी गेली बोटं," दत्तोबा म्हणाला. "दूध म्हशीचं हाय. धारा हीच काढती आन् गाडीबी हीच चालवती. मी नुसता सांगायला आलोय."

बाईनं मैनाकडं बघितलं. "सकाळी किती वाजता येता? मला सातला निघावं लागतं."

"साताच्या आत येतं," मैना म्हणाली.

"रोज?"

"रोज."

"बरं. उद्या एक लिटर आणून बघा."

दार लागलं. मैना जिन्याकडं वळली, तर दत्तोबा मागं आला नव्हता. तो समोरच्या दारापाशी जाऊन उभा होता आणि बेल वाजवून, सदऱ्याची कॉलर नीट करत, दार उघडायची वाट बघत होता.